चुलीवरची भिंत

हिंगणघाटहून निघालो तेव्हा बेचाळीस इंच
सीटमागे उभे बांधले होते. आडवे बांधले की काच जाते.
गिरड रोडवर ट्रकवाले मला नाही,
खोक्याला जागा देत होते.

होमराज भोयरनं पुढची खोली दाखवली.
सिमेंटची, नवी, निळा ऑइलपेंट,
स्वतःहून खिळा मागेल अशी भिंत.
ड्रिल काढलं, वायर सोडली,
तोच आतून आवाज: "तठी नोको लाऊ. अठी आन."

आत म्हणजे चुलीपाशी.
मातीची भिंत, तिच्यावर काजळीचा लांबट ढग
आढ्यापर्यंत चढलेला,
आणि पंचफुलाबाईचं बोट
बरोब्बर त्या ढगाच्या पोटात.

तीनशे टीव्ही टांगले असतील मी.
लग्नाच्या हॉलात, सलूनमध्ये, एकदा पोल्ट्रीच्या ऑफिसात.
चुलीवर एकही नाही.
म्हटलं, मावशी, धग लागते, धूर लागतो,
कंपनी हात वर करते.
वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय.
"मंग जाड अक्षरात काय लिवलं हाय?"
जाड अक्षरात कंपनीचं नाव होतं.

तरी तळवा धरून पाहिला.
खाली तुराट्या पेटलेल्या.
पाच मोजेस्तोवर हात राहिला, सहाव्याला काढला.
भिंतीत बिट घातलं, उगाच, अंदाज घ्यायला.
मातीनं अडवलंच नाही काही.
पिवळसर पीठ परातीच्या काठाशी पडत राहिलं
आणि मागोमाग एक गव्हाची काडी,
न कुजलेली,
कोणत्या सालची कोण जाणे.

"माय, समोर येऊन बसत जाय ना," होमराज म्हणाला.
तिनं चिमटा खाली ठेवला
आणि सांगितलं ते मला, त्याला नाही:

अकरा वर्सं झाले.
टीवी तुमचा तिकडं, भाकरी माह्या इकडं.
मले सारे आवाजानं ठाऊक.
कोन रडते, कोन खोटं बोलते, कोनाच्या पायात पैंजन हाय.
थो वकील, जाड गळ्याचा, थो आला का मी आच कमी करतो.
तोंड नाही पाह्यलं आजलोक कोनाचं.

तेवढ्यात तव्यावरची करपली.

समोरची भिंत, दाराकडची, विटांची होती.
म्हटलं, तिला लावतो. पण मग टीव्हीकडं तुमची पाठ होते.
बाईनं चुलीकडं पाहिलं, विटांकडं पाहिलं,
मग माझ्याकडं, लहान पोराकडं पाहावं तसं.
"टीवी हालत नाही त चूल हालते.
चुलीले कोन्ती वारंटी?"

निखारे घमेल्यात काढले. सब्बल होमराजच्या हातात.
"पाव्हने आले त?" तो म्हणाला.
"बसतीन चुलीजवळ," ती म्हणाली.
तीन घावांत चूल सुटली.
शेजारची गुंफाबाई तणस घेऊन हजर,
बोलावलं कुणी नव्हतं.

मी फिशर ठोकले, लेव्हल धरली,
बुडबुडा मधोमध आणला.
मागे ओल्या मातीवर थापा पडत होत्या.
तिच्याकडं लेव्हल नव्हती.
रिकामा गंज ठेवला, तो डुलला,
डावीकडं चिमूटभर माती चोपली, तो बसला.
उठताना जुन्या भिंतीतलं माझं भोक
अंगठ्यानं बुजवून टाकलं, काही न बोलता.

ओली चूल पेटवत नाहीत.
त्या रात्री भाकरी गुंफाबाईकडून येणार होत्या,
म्हणून ती बसली, रिकाम्या हातानं,
कोपरापर्यंत चिखल सुकत चाललेला.
मी रिमोट दाबला.

वकील आला. गळा जाड.
ती पुढं वाकली.
"हा? हा होय थो?
इतलुसा?"

आणि हसत सुटली, पदर तोंडाला लावायला गेली
तर गालाला चिखल.

निघताना विचारलं, खोकं नेऊ का?
"ठेव," म्हणाली, नजर न काढता.
"तुराट्या भराले होते."